सरकारी अंदाजपत्रक आणि आपली शाळा

दरवर्षी जून महिन्यात वह्या, पुस्तके व शिष्यवृत्त्या वाटण्याचा आपल्या ट्रस्टचा लहानसा समारंभ होतो. गेल्या खेपेस तो आटोपल्यावर चहा घेता घेता एका तरुण सभासदाने मला विचारले, "मास्तर, सरकार शिक्षणावर हजारो कोटी रुपये खर्च करते, असे आपण दरवर्षी वर्तमानपत्रांत वाचतो. मग आपल्या या ओंजळभर मदतीने असे काय होणार? आणि एवढा पैसा असूनही शाळांतून शिक्षक का नसतात?"

प्रश्न सरळ होता. विचारणारे गृहस्थ स्वतः नियमित वर्गणी देणारे असल्याने हेतूही चांगला होता. मी त्या वेळी काहीतरी थोडक्यात सांगितले, पण माझेच समाधान झाले नाही. तीसबत्तीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर नीट देता आले पाहिजे. महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा ते उत्तर येथेच द्यावे असे ठरविले.

पैसा येतो कसा

आपल्या हिमायतनगरातून लिबर्टीच्या चौकाने, बशीरबागेवरून बागे-आमकडे गेले की विधानसभेची इमारत लागते. राज्यातील प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेचे वर्षभराचे भवितव्य तेथे ठरते. शिक्षण हा विषय प्रथम राज्यांच्या यादीत होता. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती यादीत गेला, म्हणजे कायदे करण्याचा अधिकार केंद्र आणि राज्य या दोघांस मिळाला. खर्चाचा मोठा भार मात्र राज्याच्याच खांद्यावर राहिला. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेसारख्या योजनांत बहुतेक राज्यांसाठी केंद्राचे शेकडा ६० व राज्याचे शेकडा ४० असे प्रमाण ठरले आहे. परंतु गुरुजींचा नेहमीचा पगार हा मुख्यतः राज्याच्या तिजोरीतूनच निघतो.

घटनेच्या २०२ व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारला दरवर्षी जमाखर्चाचे विवरणपत्र विधिमंडळापुढे ठेवावे लागते. यालाच आपण अंदाजपत्रक म्हणतो. बहुतेकांची अशी समजूत असते की, फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थमंत्री भाषण करतात तेव्हा सर्व काही ठरते. वास्तविक पावसाळा सरता सरताच खात्याखात्यांतून आकडे मागविले जातात. कोणत्या शाळेत किती जागा मंजूर आहेत, किती भरलेल्या आहेत आणि पुढील वर्षी किती पगार द्यावा लागेल, याची यादी खालून वर जाते. अर्थखाते तिच्यावर कात्री चालविते. मग अंदाजपत्रक सभागृहात येते, खात्यांच्या मागण्या मंजूर होतात आणि विनियोजन विधेयक संमत होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. छापलेला आकडा ही खर्च करण्याची परवानगी असते, हातात आलेला पैसा नव्हे. पैसा हप्त्याहप्त्याने सुटतो. उत्पन्न कमी पडले, तर वर्षाच्या शेवटी सुधारित अंदाज येतो आणि सुटावयाचा हप्ता सुटत नाही. आपल्यापैकी ज्यांची मुले इंजिनियरिंगला गेली त्यांना याचा अनुभव असेल. शुल्क परतफेडीची तरतूद कागदावर असते, रक्कम कॉलेजात पोहोचत नाही आणि मुलाचा दाखला अडकून पडतो. तेलंगणात ही थकबाकी इतकी साचली की, २०२५ साली खाजगी महाविद्यालयांनी त्यासाठी बंद पाळला.

कात्री कोठे लागते

शाळेच्या जमाखर्चात खडू, फळा, बाके यांचा खर्च किरकोळ असतो. खरा खर्च शिक्षकांच्या पगाराचा. म्हणून शिक्षणखात्यात काटकसर करावयाची, तर ती शेवटी शिक्षकाच्या जागेपाशीच येऊन ठेपते. ती करण्याच्या तीन रीती माझ्या पाहण्यात आल्या आहेत.

पहिली रीत म्हणजे जागा रिकामी ठेवणे. कोणास काढून टाकावे लागत नाही. एखादे गुरुजी वयोमानाप्रमाणे निवृत्त होतात, हारतुरे होतात आणि त्यांच्या जागी कोणी येत नाही. तेलंगणात २०१७ च्या ऑक्टोबरात ८,७९२ शिक्षकांच्या जागांची जाहिरात निघाली. त्यानंतर २०२३ च्या सप्टेंबरात ५,०८९ जागांची निघाली, पण ती परीक्षा झालीच नाही. शेवटी २०२४ च्या फेब्रुवारीत ११,०६२ जागांची जाहिरात आली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दहा हजारांवर उमेदवारांस नेमणूकपत्रे मिळाली. २०१७ साली जे मूल पहिलीत बसले, ते तोवर आठवीत गेले होते.

दुसरी रीत म्हणजे काम तेच ठेवून नाव आणि पगार बदलणे. १९८० व १९९० च्या दशकांत आंध्र प्रदेशात मासिक ३९८ रुपये ठोक पगारावर 'स्पेशल टीचर' नेमले गेले. शिक्षकांच्या बोलण्यात ते आजही '३९८ वाले' म्हणूनच ओळखले जातात. पुढे विद्या व्हॉलंटियर आले. ते मानधनावरचे, वर्षापुरते. २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या आणि त्या वर्षी त्यांस पुन्हा बोलावणे आले नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षणसेवक योजना आहे. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढावयाची. प्राथमिक शिक्षणसेवकाचे हे मानधन बरीच वर्षे महिना ६,००० रुपये होते, ते २०२३ सालापासून १६,००० झाले. मधल्या काळात कित्येक शिक्षणसेवकांना सुट्टीत शेतावर किंवा दुकानात काम करून घर चालवावे लागले.

तिसरी रीत म्हणजे शाळेस परवानगी द्यावयाची, पण अनुदान द्यावयाचे नाही. याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. २००१ च्या नोव्हेंबरात तेथील सरकारने ठरविले की, नव्या मराठी शाळांस 'कायम विनाअनुदान' तत्त्वावरच मान्यता मिळेल. खेड्यापाड्यांतून शेकडो शाळा निघाल्या. शिक्षक आज ना उद्या पगार सुरू होईल या आशेवर राबले. २००९ साली 'कायम' हा शब्द गाळण्यात आला, तपासण्या झाल्या आणि २०१६ साली शेकडा २० अनुदान सुरू झाले. २०२२ च्या डिसेंबरात पुढील टप्प्यांसाठी १,१६० कोटी रुपयांचा निर्णय झाला. २०२४ च्या ऑक्टोबरात आणखी एक टप्पा जाहीर झाला, पण त्याची आर्थिक तरतूदच झाली नाही. म्हणून २०२५ च्या जुलैत भर पावसात शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसले. निर्णय होता, पैसा नव्हता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणतात, त्यातला हा प्रकार. पंचविशीत नोकरीस लागलेला शिक्षक पूर्ण पगाराची वाट पाहता पाहता पन्नाशीकडे झुकला. त्याची मुलेबाळे, त्याचे आईबाप यांनी कसे दिवस काढले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

एका रिकाम्या जागेची गोष्ट

आता आपल्या शहराकडे वळतो. निजामी अमदानीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मातृभाषेतून शिकण्याची सोय व्हावी म्हणून १९०७ साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींच्या पुढाकाराने विवेक वर्धिनी उभी राहिली. केशवरावांच्या स्मरणार्थ १९४० साली शेजारच्या नारायणगुड्यात केशव मेमोरियल शाळा निघाली. लोकांनी वर्गणी देऊन शाळा काढाव्यात आणि सरकारने अनुदान देऊन त्या चालवाव्यात, अशी रीत पुढे रूढ झाली. अनुदानाची ही पद्धत ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्यापासून चालत आलेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. त्याच वर्षी घटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय प्रत्येक राज्याने करावी, असे ते सांगते.

या अनुदानित शाळांतच माझा जन्म गेला. अविभक्त आंध्र प्रदेशात २००४ च्या सुमारास अनुदानित शाळांतील रिकाम्या जागा भरण्यास मनाई झाली. तिजोरीवरचा ताण कमी व्हावा, हा हेतू. त्यानंतर दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण दोष शाळेचा नव्हता. मी मराठी माध्यमाच्या वरच्या वर्गांना गणित शिकवीत असे. माझ्या निरोपसमारंभात मुख्याध्यापकांनी माझी जागा भरून निघणे कठीण आहे, असे गौरवाने म्हटले. ते शब्दशः खरे ठरले.

पहिल्या वर्षी चित्रकलेच्या बाईंनी गणिताचे तास घेतले. बाई मेहनती, पण त्यांचा तो विषय नव्हे. दुसऱ्या वर्षी आठवी व नववी एकत्र बसविली. तिसऱ्या वर्षी संस्थेने आपल्या खर्चाने एक मुलगी नेमली. तिला जो पगार दिला, तो सांगण्यास मला संकोच वाटतो. तोही देण्यासाठी मुलांची फी थोडी वाढवावी लागली. फी द्यावयाचीच तर इंग्रजी शाळा काय वाईट, असा विचार करून काही पालकांनी मुले काढली. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. आपल्या मुलाला गणित यावे, असे कोणास वाटणार नाही? पटसंख्या घसरली. मग तपासणीस आलेले अधिकारी म्हणाले की, एवढ्याशा पटाला इतक्या जागा कशास हव्यात?

शाळा बंद करा, असा हुकूम कोणीही काढला नव्हता. अंदाजपत्रकात कोणत्याही ओळीत 'मराठी तुकडी बंद' असे छापले नव्हते. शिक्षक नाही म्हणून मुले गेली आणि मुले नाहीत म्हणून शिक्षकाची जागा गेली. आमची ती तुकडी अशा रीतीने संपली. "मराठी मुलांनाच मराठी नको झाले आहे," असे आपल्या सभांतून नेहमी म्हटले जाते. त्यात तथ्य असेलही, परंतु गोष्टीचा आरंभ कोठून झाला हेही पाहिले पाहिजे.

आकड्यांचे वाचन

तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी स्थापन झाले. त्याच्या पहिल्या अंदाजपत्रकात शिक्षणाचा वाटा शेकडा दहाच्या वर होता. २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात २,९०,३९६ कोटींपैकी १९,०९३ कोटी शिक्षणास होते, म्हणजे शेकडा साडेसहा. २०२५-२६ साली ३,०४,९६५ कोटींपैकी २३,१०८ कोटी, म्हणजे शेकडा साडेसात. रुपये वाढले, पण एकंदर पानातला शिक्षणाचा घास पूर्वीपेक्षा लहान राहिला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, निवासी गुरुकुल शाळांचा बराच खर्च कल्याणखात्यांच्या मागण्यांत दिसतो, शिक्षणखात्याच्या नव्हे. सरकारपुढे पाटबंधारे, वीज, शेतकऱ्यांची मदत, जुन्या कर्जाचे व्याज अशी दुसरी ओझीही असतात. सरकारात बसलेली माणसे शाळेची वैरी आहेत, असे मुळीच नाही. पण व्याज चुकविता येत नाही, शिक्षकाची जागा मात्र एक वर्ष पुढे ढकलता येते. त्यामुळे ताण पडला की ती पुढे ढकलली जाते.

एक घोटाळा येथे दूर केला पाहिजे. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने शेकडा ६ ची शिफारस केली आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तिचा पुनरुच्चार केला. हे ६ टक्के राष्ट्रीय उत्पन्नाचे आहेत, अंदाजपत्रकाचे नव्हेत. अंदाजपत्रकात साडेसात टक्के आहेत म्हणजे सहाच्या वर झाले, असे समजून कोणी समाधान मानू नये.

हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात त्यांचे गाऱ्हाणे हेच होते की, महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गांवर होतो. नामदार गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पैशाची सबब त्या वेळीही पुढे आली आणि १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्याच सुमारास, १९१७ साली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी आपल्या लहानशा संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करून दाखविले. तिजोरी लहान होती, पण अग्रक्रम ठरलेला होता.

लोक बोलले म्हणजे काय होते

निर्णय एकदा झाला की तो दगडावरची रेघ, असेही नाही. २०२१ च्या ऑगस्टात शेजारच्या आंध्र प्रदेशात वटहुकूम निघाला. अनुदानित संस्थांनी मालमत्तेसह शाळा सरकारला द्यावी, किंवा अनुदानित शिक्षक सरकारकडे पाठवावेत, किंवा विनाअनुदानित व्हावे, असे पर्याय पुढे आले. अनेक संस्थांनी शिक्षक सोडून दिले आणि फी भरू न शकणाऱ्या मुलांचे हाल दिसू लागले. विद्यार्थी व पालक रस्त्यावर आले. नोव्हेंबरात सरकारने आणखी एक पर्याय दिला. ज्यांना आपली संमती मागे घ्यावयाची असेल, त्यांनी ती घ्यावी. अनेक संस्था माघारी फिरल्या. पालक घरी बसून राहते, तर हे घडले नसते.

आपल्या हातीही साधने आहेत. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे सरकारी व सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत रिकाम्या जागा मंजूर जागांच्या शेकडा १० पेक्षा अधिक असता कामा नयेत. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही त्यात आहे.

मग आपल्या ट्रस्टने काय करावे

आता त्या तरुण सभासदाच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या मदतीने शाळा चालेल का? हिशेब मांडून पाहू. समजा, एका कायम शिक्षकाचा पगार महिना ५०,००० रुपये धरला, तर वर्षाचे ६ लाख झाले. तेवढे व्याज शेकडा ७ दराने यावयाचे असेल, तर सुमारे ८६ लाखांची ठेव लागेल. एवढ्याने एका शाळेतील एका विषयाचे एक गुरुजी मिळतील. याच ६ लाखांत प्रत्येकी १०,००० रुपयांच्या साठ शिष्यवृत्त्या होतात. तात्पर्य, सरकारने सोडलेली जागा धर्मादाय पैशाने कायमची भरून काढणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि तसे करू लागलो तर सरकारही त्या जागेची चिंता सोडून देईल.

पण म्हणून आपली मदत व्यर्थ नाही. पुस्तके, येण्याजाण्याचा खर्च, परीक्षेची फी यांवाचून अडलेले मूल आपल्या ओंजळीने शाळेत टिकते. मूल टिकले तर पट टिकतो, आणि पट टिकला तर जागा मागण्यास तोंड राहते. एखादी जागा भरेपर्यंतच्या एकदोन वर्षांसाठी शिकवणीचा वर्ग चालविणे, हेही आपणास झेपण्यासारखे आहे.

याच्या जोडीला मी कार्यकारी मंडळापुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. ज्या शाळांत आपले शिष्यवृत्तीधारक शिकतात, तेथे जूनमध्ये पुस्तके वाटण्यास जाताना एक वही बरोबर न्यावी. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कोणता विषय कोणाविना पडला आहे, एवढेच मुख्याध्यापकांस विचारून टिपून घ्यावे. ती यादी सप्टेंबरच्या आत शिक्षणखात्यास व आपल्या आमदारांस लेखी द्यावी, कारण त्याच दिवसांत पुढील वर्षाचे आकडे तयार होतात. अंदाजपत्रक मांडल्यावर मार्चमध्ये केलेला अर्ज उशिराचा ठरतो. पुढील जूनमध्ये पुन्हा जावे आणि वहीतील कोणती जागा भरली ते पाहावे. या कामास पैसा लागत नाही. दोनचार निवृत्त मंडळी व थोडी चिकाटी पुरे, आणि निवृत्त मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत.

माझी जागा रिकामी झाली, त्या वर्षी अशी वही कोणाजवळ नव्हती. माझ्याजवळही नव्हती. मी हार घालून घरी आलो आणि पुढचे सरकार पाहून घेईल, असे समजून स्वस्थ बसलो. ती चूक मला आजही लागून राहिली आहे. या जूनमध्ये पुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबर वही घेऊन जाणाऱ्यांत माझे नाव पहिले लिहावे, अशी चिटणीसांस विनंती करून हा लेख पुरा करतो.